गाडी केव्हा गरम होते?

जालना शहरात भोकरदन नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज होते. दारावर पाटी नव्हती. लोक त्याला 'उस्तादांचे गॅरेज' म्हणत आणि एवढा पत्ता पुरेसा होई. १९९४ च्या उन्हाळ्यात, बारावीची परीक्षा संपल्यावर, मी तेथे हिशेब लिहायला जाऊ लागलो. उस्तादांचे उर्दू अक्षर फार सुरेख होते. पण गिऱ्हाइकांना बिल मराठीत हवे असे. म्हणून त्यांना माझ्यासारखा मुलगा लागला. मला सुट्टीत चार पैसे हवे होते आणि गाड्यांचे वेडही होते.

मे महिन्यात जालन्याचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत गॅरेजात येणाऱ्या गाड्यांची तक्रार बहुधा एकच असे. गाडीवाला घाम पुसत आत येई आणि म्हणे, "उस्ताद, गाडी गरम होतेय."

उस्ताद हातातले काम न सोडता विचारीत, "केव्हा?"

पुष्कळ लोक या प्रश्नाने गोंधळत. "केव्हा म्हणजे? रोजच होतेय!" मग उस्ताद उठत, फडक्याला हात पुसत आणि एकेक विचारू लागत. चालू केल्याबरोबर गरम होते, की थोडे अंतर गेल्यावर? बाजारात हळू चालताना, की मोकळ्या रस्त्यावर पळताना? पाणी कमी होते का? किती दिवसांनी घालावे लागते? गाडीखाली सकाळी ओल दिसते का? एवढी उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही शागिर्दाला पाना हातात घेण्याची परवानगी नसे. एखादा उतावळा गिऱ्हाईक चिडून म्हणे, "अहो, तुम्ही मेकॅनिक आहात की वकील?" उस्ताद नुसते हसत.

माझ्याकडे दोन वह्या होत्या. एक हिशेबाची. दुसरी वही मात्र मी आजवर अन्य कोणत्याही गॅरेजात पाहिलेली नाही. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध एक रेघ होती. डाव्या बाजूला 'अंदाज' आणि उजव्या बाजूला 'खात्री' असे लिहिलेले असे. गाडी आली, प्रश्न विचारून झाले, की उस्ताद मला डाव्या बाजूला त्यांचा अंदाज लिहायला सांगत. काम झाल्यावर खरे कारण उजव्या बाजूला लिहायचे. दोन्हीकडे एकच शब्द आला, तर उस्ताद काही बोलत नसत. वेगळे शब्द आले, तर ती वही संध्याकाळी चहाच्या वेळी उघडली जाई आणि अंदाज कोठे चुकला याची चर्चा होई.

मी एकदा विचारले, "गाडी दुरुस्त झाली, पैसे मिळाले. मग चुकलेला अंदाज कशाला लिहायचा?"

ते म्हणाले, "अंदाज करायला पैसे लागत नाहीत, बेटा. पण चुकीच्या अंदाजाचं बिल गिऱ्हाईक भरतो."

येथे थोडे विषयांतर करतो. 'अंदाज' आणि 'खात्री' हे दोन्ही शब्द मराठीत फारसी-अरबीकडून आले. 'अंदाज' तुम्ही घरी बोलता तोच. 'खात्री' हा तुमच्या 'खातिर'चा भाऊ. मराठीत येऊन त्याने अर्थ थोडा बदलला. दुरुस्ती, कारागीर, इलाज, नुकसान, खराब, गरम हेही सगळे आपल्या दोघांच्या घरचे शब्द. त्या गॅरेजात कोण कोणती भाषा बोलतो आहे हे पुष्कळदा कळतच नसे.

आता इंजिन गरम का होते, ते पाहू. खरे म्हणजे इंजिन गरम होणे हा दोष नाही. इंजिनाच्या पोटात इंधन जळते, तेव्हा तेथील वायूचे तापमान क्षणभर २००० अंशांच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग ज्या गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असते, त्या वितळून का जात नाहीत? कारण धातूच्या भिंतींमधून सतत पाणी फिरत असते. इंधनातली उष्णता ढोबळमानाने तीन वाट्यांत जाते: एक वाटा चाके फिरवतो, एक धुराबरोबर निघून जातो आणि एक वाटा या पाण्याला वाहून न्यावा लागतो. इंजिनाला जोडलेला पंप पाणी ढकलतो. गॅरेजात त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. तापलेले पाणी वरच्या रबरी पाइपातून रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने थंड होते आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनात जाते. वारा कमी पडला तर पंखा मदतीला असतो.

मोटार जन्मली तेव्हा ही सोय नव्हती. कार्ल बेंझ यांच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. मोटारीने केलेला तो जगातला पहिला लांबचा प्रवास मानतात. त्या प्रवासात वाटेत जेथे पाणी दिसेल तेथे थांबून त्यांना इंजिनात पाणी ओतावे लागले. पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. पाणी कमी आणि वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, हे त्यामागचे गणित. आजचा रेडिएटर त्याच घराण्यातला आहे. उस्तादांना ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा त्यांना बर्थाबाईंचे फार कौतुक वाटले. "बाईनं पाणी संपायच्या आधी थांबायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "आपले लोक काटा लाल झाला तरी 'पुढच्या गावात बघू' म्हणतात."

उस्तादांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती. ते स्वतः शागीर्द होते, तेव्हा एका तापलेल्या ट्रकच्या रेडिएटरचे झाकण त्यांनी उघडले होते. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी ते बाही वर करून ती खूण दाखवीत. एवढाच त्यांचा पहिला धडा असे.

त्याचे कारण तुम्हांला स्वयंपाकघरात सापडेल. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसते. त्याच्या आत स्प्रिंग आणि रबर असते. ते कुकरच्या शिट्टीसारखे दाब धरून ठेवते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे तेच पाणी ११५ अंशांपर्यंतही न उकळता राहू शकते. आता गरम गाडीचे झाकण उघडले तर काय होईल? दाब एकदम जातो आणि न उकळलेले पाणी त्याच क्षणी उकळते. उकळते पाणी आणि वाफ तोंडावर, छातीवर उसळते. कुकरची वाफ जाण्यापूर्वी आई झाकणाला हात लावू देत नाही, तोच नियम येथे. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास काहीही करू नये. हे 'काहीही न करणे' फार अवघड असते. मागे दहा माणसे सल्ले देत उभी असतात.

उस्तादांच्या 'केव्हा' या प्रश्नामागे काय होते, ते मला वह्या लिहिता लिहिता कळत गेले. बाजारात, रेल्वे फाटकाशी उभी असताना तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होणारी गाडी वाऱ्याची भुकेली असते. तेव्हा पंखा पाहायचा. ॲम्बॅसॅडरचा पंखा पट्ट्यावर फिरे. पट्टा सैल झाला की तो घसरे. मारुतीचा पंखा विजेवर चाले आणि पाणी तापल्यावर एक लहानसा स्विच त्याला चालू करी. एका डॉक्टरांची मारुती अशीच आली होती. पंख्याची मोटार जळाली असे त्यांना कोणी सांगितले होते. उस्तादांनी स्विचच्या दोन तारा एकमेकींना लावल्या. पंखा भुर्रकन फिरला. मोटार चांगली होती. बिघडला होता तो स्विच. त्या तपासाला दोन मिनिटे लागली.

याउलट, उभी असताना शांत आणि पळताना तापणारी गाडी पाण्याच्या वाटेत अडथळा असल्याचे सांगते. इंजिन जास्त काम करते, उष्णता जास्त होते, पण पाणी पुरेसे फिरत नाही. चालू केल्यावर पाच-सात मिनिटांत काटा वर चढला आणि खालचा पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यायचा. ही एक छोटीशी झडप असते. इंजिन थंड असताना ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८२ अंशांना उघडू लागते. आमच्याकडे पुष्कळ मेकॅनिक ही झडप काढून फेकून देत. "आपल्या गरम मुलखात तिचं काय काम?" असे त्यांचे म्हणणे. उस्तादांना ते मुळीच पटत नसे. इंजिनही लवकर ऊबदार व्हावे लागते, नाहीतर ते इंधन जास्त पिते आणि लवकर झिजते. शंका आली तर ते झडप काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवत. उघडली तर चांगली, नाही उघडली तर खराब. हा प्रयोग चहाच्या स्टोव्हवर होई आणि चहावाला दरवेळी कुरकुरे.

पाणी कमी होत असेल तर ते कोठे जाते, हा वेगळा तपास. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरायचे. सकाळी ओल कोठे पडली ते पाहायचे. कोठेच नसेल, तर पाणी आत जात असावे. हेड आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. ते जळले की पाणी जळणाऱ्या इंधनाच्या जागेत शिरते आणि मागून पांढरा धूर येत राहतो, किंवा ते तेलात मिसळते आणि तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसतो. कधी उलट होते. जळका वायूच पाण्यात शिरतो आणि रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येऊ लागतात. हे काम खर्चाचे. म्हणूनच उस्ताद हेड गॅस्केटचा अंदाज सर्वांत शेवटी लिहायला सांगत.

आज गाड्या बदलल्या आहेत. अनेक गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा. मेकॅनिक गाडीला यंत्र जोडतो आणि पडद्यावर तापमानाचा आकडा दिसतो. आमच्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्यावरून मोटारी ताशी १२० किलोमीटर वेगाने तासन्‌तास धावतात, आणि रेडिएटरमध्ये काही दोष असेल तर तेथे तो लपत नाही. पण पडद्यावरचा आकडा गाडी तापली एवढेच सांगतो. ती का तापली, ते शोधावेच लागते.

मला मुख्यतः सांगायची आहे ती गोष्ट मे २०१३ मधली. तोवर मी शिक्षक झालो होतो आणि सुट्टीत उस्तादांकडे चहाला जात असे. उस्तादांचे केस पांढरे झाले होते. अंदाज-खात्रीची वही आता त्यांची धाकटी मुलगी लिहीत असे, उर्दूत. ती विज्ञान शाखेत शिकत होती.

२०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जालना जिल्ह्याची तेव्हाची अवस्था सांगायला नको. पावसाने पाठ फिरवली होती. शहराला पाणी देणारा, निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला होता. गावोगाव टँकर फिरत होते. आमच्या जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे; त्या बागा उभ्या वाळल्या आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडे तोडली. त्यांपैकीच एक शेतकरी एके दिवशी संध्याकाळी आपली काळी-पिवळी जीप घेऊन गॅरेजात आला. बाग गेली होती. मंठा ते जालना अशी माणसांची ने-आण करून घर चालत होते.

"चाचा, शेवटचं बघा," तो म्हणाला. "नाही जमलं तर गाडी भंगारात देतो."

त्याने सगळी हकिकत सांगितली. गाडी तापते म्हणून एका गॅरेजात थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तरी तापली, म्हणून नवी वॉटर बॉडी बसवली. तरीही तापते. आता ते म्हणत होते, हेड गॅस्केट गेले, हेड उघडावे लागेल, कदाचित इंजिनाचेच काम निघेल; पंचवीस हजार धरून चला. बँकेचे तीन हप्ते थकले होते. बायकोच्या गळ्यातले सराफाकडे ठेवायचे घरात ठरले होते.

उस्तादांनी विचारले, "केव्हा तापते?"

"मंठ्याहून निघालो की पहिले दहा-पंधरा किलोमीटर काही नाही. मग माणसं भरली, गाडी पळायला लागली की काटा चढतो. थांबून इंजिन तसंच चालू ठेवलं, तर हळूहळू उतरतो."

"पाणी?"

"रोज घालतो. पळताना बाहेर फेकते."

मुलीने वही उघडली. उस्ताद म्हणाले, "दोन अंदाज लिही. एक, रेडिएटर जाम. दोन, हेड गॅस्केट." त्यांनी गाडी रात्रभर तेथेच ठेवायला सांगितली. जीपवाला बाकावरच झोपला.

सकाळी इंजिन गार होते. मीही मुद्दाम लवकर गेलो होतो. उस्तादांनी प्रथम तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळे होते, पण त्यात पांढरट काही नव्हते. मग रेडिएटरचे झाकण काढले, पाणी काठोकाठ भरले आणि इंजिन चालू करायला सांगितले. आम्ही सगळे त्या गोल तोंडाकडे पाहत होतो. बुडबुडे आले नाहीत. पाच मिनिटे झाली, तरी आले नाहीत.

"आता रेस द्या."

इंजिन जोरात फिरताच पाणी तोंडातून वर चढले आणि बाहेर सांडले. रेस सोडली की खाली बसले. पुन्हा रेस, पुन्हा सांडले. जीपवाल्याचा चेहरा उतरला. "बघा, हेच ते म्हणाले होते. गॅस्केट गेल्यावर असंच फेकतं."

"गॅस्केटनं फेकलं असतं तर त्यात हवा दिसली असती," उस्ताद म्हणाले. "हे नुसतं पाणी आहे. पंप वरून ढकलतोय आणि खाली जायला वाट नाही. म्हणून तोंडातून येतंय." त्यांनी मुलीला खालचा पाइप पाहायला सांगितले. पुन्हा रेस दिली तेव्हा तो जाड रबरी पाइप कोणीतरी आतून ओढल्यासारखा चपटा झाला. पंपाला खालून पाणी मिळत नव्हते, आणि तो पाइपच आत शोषून घेत होता.

इंजिन बंद केले. पंखा पूर्ण थांबल्यावर उस्तादांनी रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. मलाही फिरवायला सांगितला. वरचा भाग चटका देत होता. मधले मोठे पट्टे मात्र जेमतेम कोमट होते. तेथून पाणी वाहतच नव्हते.

मी म्हणालो, "मग आता खात्री लिहायची?"

"अजून नाही. उघडल्यावर."

रेडिएटर काढला. तांबड्या पाण्याबरोबर पांढऱ्या खपल्या बाहेर आल्या. पुढच्या गल्लीत रेडिएटरचे काम करणारा एक कारागीर होता. त्याने वरची टाकी झाळ सोडवून वेगळी केली, आणि नळ्यांची तोंडे दिसली. निम्म्याहून अधिक नळ्या चुन्यासारख्या पांढऱ्या थराने बंद झाल्या होत्या.

"कोणतं पाणी घालत होतास?" उस्तादांनी विचारले.

"बोअरचं, चाचा. टँकर आठवड्यातून एकदा येतो. प्यायचं पाणी गाडीला कसं घालू?"

यावर कोणी काही बोलले नाही.

आमच्याकडच्या बोअरचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून येते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असल्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. विज्ञानाच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. पाणी तापले की त्यातला काही क्षार वेगळा होऊन भिंतीला चिकटतो. उस्तादांच्या मुलीने त्या खपल्यांतली एक बशीत ठेवली आणि वर लिंबू पिळले. खपली फसफसू लागली. "अब्बा, हा खडूचाच भाऊ आहे," ती म्हणाली. जीपवाला वाकून कितीतरी वेळ त्या बशीकडे पाहत राहिला. पंचवीस हजारांची भीती त्या बशीत फसफसत होती.

मला वाटले, शोध संपला. पण उस्ताद रेडिएटरचे झाकण हातात घेऊन उन्हात बसले होते. ते म्हणाले, "एकदा भरलेल्या पाण्यात असा कितीसा क्षार असतो? याला रोज नवं पाणी लागत होतं, म्हणून रोज नवा क्षार आत गेला. मग पहिल्या दिवशी पाणी कमी का झालं?" त्यांनी झाकणाचे रबर अंगठ्याने दाबले. ते कडक होऊन दोन ठिकाणी चिरले होते. झाकण दाब धरत नव्हते. पाणी लवकर उकळून नळीवाटे बाहेर जात होते. जीपवाला रोज बोअरचे पाणी घालत होता, नळ्या बंद होत होत्या, गाडी अधिक तापत होती आणि अधिक पाणी बाहेर फेकत होती. वॉटर बॉडी बदलली, थर्मोस्टॅट काढला. पण झाकणाकडे कोणी पाहिले नव्हते. ते पन्नास-साठ रुपयांचे होते.

कारागिराने प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून क्षार काढला, टाकी पुन्हा झाळली आणि पाण्यात बुडवून, हवा भरून कोठे गळते का ते पाहिले. उस्तादांनी नवे झाकण आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून भरले. कूलंटमुळे गंज चढत नाही आणि पाणी उकळायलाही उशीर लागतो. मात्र ते विषारी असते आणि चवीला गोड लागते. म्हणून त्याचा डबा उस्ताद उंच फळीवर ठेवीत, खाली सांडले तर लगेच धुऊन काढीत. गॅरेजातली मांजर त्यांना फार प्रिय होती.

सगळे मिळून अडीच हजारांच्या आत काम झाले. संध्याकाळी आम्ही जीपमध्ये माणसे भरून अंबड चौफुलीपर्यंत जाऊन आलो. माणसे कोठून आणली? शेजारच्या दुकानांतली पोरे आणि चहावाला. काटा मध्यावर गेला आणि तेथेच राहिला. वहीत उजव्या बाजूला मुलीने दोन ओळी लिहिल्या: 'रेडिएटर जाम, बोअरचे पाणी.' आणि त्याखाली: 'झाकणाचे रबर.' डावीकडे ही दुसरी ओळ नव्हती. उस्तादांनी ते बोट ठेवून दाखवले आणि चहा मागवला.

जीपवाला निघताना म्हणाला, "चाचा, दुष्काळात बॅटरीचं पाणी विकत घेऊन गाडीला घालायचं, हे गावात सांगितलं तर लोक हसतील." उस्तादांनी त्याला ते शुद्ध पाणी भरून एक डबा दिला आणि सांगितले, की पाणी कमी झाले तर याच डब्यातले घाल, आणि मुख्य म्हणजे कमी का झाले ते विचारायला ये.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. मी शाळेत जाताना पाहिले, तर गॅरेजच्या पत्र्याला पन्हाळ लावलेली होती आणि तिच्याखाली एक मोठा निळा ड्रम ठेवला होता. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या दोन पावसांचे पाणी पत्र्यावरच्या धुळीसकट सोडून द्यायचे आणि तिसऱ्यापासून धरायचे, असा हिशेब उस्तादांच्या मुलीने केला होता. ड्रमावर तिने पांढऱ्या रंगात एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिले होते: 'फक्त रेडिएटरसाठी. पिण्यास वापरू नये.' मराठीतल्या 'पिण्यास'चा काना तिच्याकडून राहिला होता. मी खिशातला खडू काढून तो देत होतो, तेवढ्यात मंठ्याची ती जीप समोरून माणसे भरून गेली आणि तिने हॉर्न वाजवला.